विधान परिषदेबाबत या चुका टाळा, निदान आपल्या नाशिक विभागात तरी

पदवीधर मतदारसंघाच्या, म्हणजे विधान परिषदेतली आपल्या विभागाची जी एक जागा फक्त पदवीधर मत देऊन भरतात तिच्या, मतदानाच्या दिवशी सकाळी दहानंतर माझा फोन वाजायला लागतो आणि प्रत्येकाचं एकच, "अरे माझं नावच नाहीये यादीत." 2017 ला हेच, 2023 ला हेच. मी कुठल्या पक्षाचा माणूस नाही, निवडणुकीच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून लोकांचे फॉर्म भरून देतो, एवढंच. पण त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव वैतागलाय, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "मागच्या वेळी मत दिलं होतं, म्हणजे नाव असणारच" हे गृहीत धरणं. नसतं! पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीआधी कोरी करून नव्याने बनते. विधानसभेच्या यादीत एकदा नाव आलं की राहतं, तसं इथे नाही. जुनी यादी संपली, पुन्हा फॉर्म 18 (पदवीधर मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज) भरायचा, पुन्हा डिग्रीची साक्षांकित प्रत जोडायची.

आमच्या सिडकोतले एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, कागदपत्रांना एकदम पक्के. ऑक्टोबर 2022 मध्ये मी त्यांना दोनदा विचारलं, काका फॉर्म भरायचाय ना? "माझं झालंय रे, आहे नाव," असं म्हणाले आणि मीही पुढे गेलो. 30 जानेवारी 2023, सोमवार. काका सकाळी आठलाच केंद्रावर. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात डिग्री, वोटर आयडी, आधार आणि 2017 ची मतदार चिठ्ठी, घडीवर चिकटपट्टी लावून जपलेली. टेबलावरच्या मॅडमनी यादी वरून खाली बघितली, मग आडनाव आधी धरून बघितली, मग शेजारच्या खोलीतली यादी मागवली. नाव नाही. काका म्हणत होते, "मॅडम, सहा वर्षांपूर्वी याच शाळेत, याच खोलीत मत दिलंय मी," आणि ती चिठ्ठी दाखवत होते. मॅडम बिचाऱ्या काय करणार, यादीत नाव नाही तर मतपत्रिका नाही, डिग्री कितीही खरी असली तरी. मी पोचलो तेव्हा काका बाहेर पायरीवर बसले होते, फोल्डर मांडीवर. आदल्या दिवशी यांनीच सोसायटीच्या ग्रुपवर "उद्या मतदान करा" असा मेसेज टाकला होता. ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तेव्हापासून मी कुणाला "नाव आहे का" असं विचारतच नाही, "या वेळच्या फॉर्मची पोच दाखव" असं म्हणतो. पोच नाही तर बस खाली आणि भर.

यातल्याच पोटचुका भरपूर. पात्रतेची तारीख 1 नोव्हेंबर असते आणि त्या तारखेच्या निदान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली पाहिजे, त्यामुळे गेल्या वर्षी पास झालेल्या पोरापोरींनी रांगेत उभं राहून उपयोग नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा गोंधळ तर ठरलेला, डिग्री माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, मग मॅरेज सर्टिफिकेट किंवा नावबदलाचं गॅझेट जोडायचं राहतं आणि अर्ज अडकतो. मी टेबलावर बायकांना सगळ्यात आधी तेवढंच विचारतो. आणि एक शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही, कुणातरी कार्यकर्त्याच्या हातात फॉर्म कोंबून मोकळं होणं. एकगठ्ठा आणलेले फॉर्म घेत नाहीत, तो गठ्ठा मग कुठल्यातरी ऑफिसच्या कपाटात राहतो आणि तुम्ही जानेवारीत मला फोन करता. तासभर काढा, स्वतः जाऊन द्या किंवा ऑनलाइन भरा आणि नंबर लिहून ठेवा.

दुसरी चूक मतपत्रिकेवरची, आणि ही जास्त लागते कारण नाव असतं, माणूस रांगेत उभा राहतो, मत देतो आणि ते मत बाद होतं. इथे ईव्हीएम नाही. कागद मिळतो आणि सोबत जांभळ्या रंगाचा स्केच पेन, त्याच पेनाने उमेदवाराच्या नावापुढच्या चौकोनात आकडा लिहायचा, 1. बरोबरची खूण नाही, फुली नाही, "एक" असं अक्षरात नाही, सही नाही, अंगठा नाही. माझा सख्खा मामा, चाळीस वर्षं पेपर तपासलेला माणूस, खिशातला स्वतःचा पेन काढून टिक करून आला आणि चहा पिताना मला कौतुकाने सांगत होता की ठळक केलीय, कुणाला शंका नको! मी त्याला काय बोलणार. 2023 ला आपल्या विभागात अशी हजारो मतं बाद झाली, आणि हे सगळे डिग्रीवाले मतदार.

आता पसंतीक्रमाचं, म्हणजे 1 ही पहिली पसंती, 2 ही दुसरी, असं. बऱ्याच जणांना वाटतं की 2 नंबर दिला की आपला 1 नंबर कमजोर होतो. नाही होत. पदवीधरमध्ये जागा एकच, त्यामुळे वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा निवडून यायचा कोटा, म्हणजे एक लाख वैध मतं असतील तर 50,001. पहिल्या पसंतीत कुणी तिथे पोचलं नाही तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि फक्त त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघतात. तुमचा माणूस स्पर्धेत आहे तोवर तुमच्या 2 कडे कुणी ढुंकूनही बघत नाही. 2 द्यायची सक्ती नाही पण मी देतो, माझा माणूस बाद झाला तरी माझा कागद मोजणीत राहावा म्हणून. 1 मात्र एकाच नावापुढे, दोघांपुढे 1 लिहिला की कागद गेला.

शिक्षक मतदारसंघात झेडपीच्या प्राथमिक शिक्षकांना मत नाही, माध्यमिक आणि त्यावरच्यांनाच आहे, तेही मागच्या सहा वर्षांत मिळून निदान तीन वर्षं शिकवलेलं असेल तर. फॉर्म 19 आणि मुख्याध्यापकांचा किंवा प्राचार्यांचा दाखला. पात्र शिक्षक पदवीधरमध्येही नाव नोंदवू शकतो, बरेच जण उगाच एकच भरतात.

उमेदवार पदवीधर किंवा शिक्षकच पाहिजे हा गैरसमज. तशी अट नाही, वय 30 आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव पाहिजे.

सरपंचाला विधान परिषदेचं मत असतं हेही चूक. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागांसाठी नगरसेवक, झेडपी सदस्य, पंचायत समितीचे सभापती वगैरे मतदान करतात. 2022 पासून महापालिका-झेडपीच्या निवडणुका लांबल्या, मतदारच उरले नाहीत, म्हणून या जागा मुदत संपल्यावर रिकाम्या पडत गेल्या.

निवेदनावर "मा. अध्यक्ष, विधान परिषद" लिहू नका. अध्यक्ष विधानसभेला, परिषदेला सभापती.

आता एमपीएससीवाल्या पोरांसाठी, जे रील बघून दोन मिनिटांत विषय संपवतात आणि मग माझ्याशी वाद घालतात. 78 सदस्य पाठ करून भागत नाही रे, ते येतात कुठून ते बघा: 30 विधानसभेच्या आमदारांकडून, 22 स्थानिक संस्थांकडून, 7 पदवीधर, 7 शिक्षक, 12 राज्यपाल नियुक्त. विधानसभा बरखास्त झाली म्हणून परिषद बरखास्त होत नाही, ते कायमचं सभागृह आहे, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. दोन सभागृहांचं पटलं नाही तर संयुक्त बैठक, हे दिल्लीत, राज्यात नाही. इथे परिषद साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवलं तर अजून एक महिना अडवू शकते, मग विधानसभेचंच खरं. धन विधेयकाला फक्त 14 दिवस. राष्ट्रपती आणि राज्यसभेच्या निवडणुकीत परिषदेच्या आमदारांना मत नाही. आणि राज्यसभेला आमदार पक्षाच्या एजंटला मत दाखवून टाकतो, परिषदेला मात्र गुप्त मतदान, म्हणून तर 20 जून 2022 ला मतं फुटली आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले.

"हे सभागृह म्हणजे मागचं दार, बंद करा" हे वाक्य मी टेबलावर सगळ्यात जास्त ऐकतो, आणि बोलणाऱ्याने स्वतः फॉर्म भरलेला नसतो. निवडणुकीत पडलेल्यांची सोय होते हे खरंय, मी नाकारत नाही. पण रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच परिषदेचे सभापती होते, आणि 1977 चा रोहयो कायदा पुढे देशाला उपयोगी पडला. आपल्या पदवीधर आमदाराकडे नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे पाच जिल्हे, 54 तालुके असतात, त्यामुळे त्याच्याकडे गल्लीतल्या गटारीची तक्रार नेऊ नका, ती नगरसेवकाची. त्याच्याकडे भरती, परीक्षेचे निकाल, विद्यापीठाची कामं घेऊन जा, आणि तोंडी नको, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो) किंवा लक्षवेधी सूचना होईल असा मुद्दा एका पानात लिहून द्या. मी तीनदा दिलाय, एकदा सभागृहात आला.

पदवीधरची मुदत 2029 च्या फेब्रुवारीत संपते, म्हणजे नोंदणी ऑक्टोबर 2028 मध्ये, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि पदवी 1 नोव्हेंबर 2025 च्या आधीची पाहिजे. शिक्षकांचं त्यानंतर वर्षाने, 2029 च्या ऑक्टोबरात. काकांनी त्यांच्या फोल्डरमध्ये वरच एक कागद लावलाय, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, फॉर्म 18, ऑक्टोबर 2028.