रान माजलेले कुळागर साफ करताना

पाऊस ओसरला की गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगे भागातली कित्येक कुळागरे, म्हणजे पोफळी (सुपारी), माड, मिरी, केळी अशा मिश्र झाडांच्या पाटाच्या पाण्यावरच्या बागा, ओळखू येत नाहीत. घरातली माणसे नोकरीसाठी शहरात, मागे बघणारे कोणी नाही. दोन-तीन पावसाळ्यांत रानमोडी हे झुडपी तण पुरुषभर वाढते आणि पाट कुठून जात होता तेही दिसेनासे होते. साफसफाईला ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच काळ धरा. जमीन मऊ असते, झुडूप मुळासकट निघते. थंडीत रानमोडी फुलून तिचे बी वाऱ्यावर गेले की पुढच्या पावसात तेच रान पुन्हा उगवते.

मजूर लावण्याआधी स्वतः फिरा, शक्य तर कुळागर पूर्वी पाहिलेल्या जाणत्या माणसाबरोबर. गवतात दडलेल्या पोफळीच्या, भिरंडीच्या (कोकमाच्या) रोपांजवळ काठी रोवून चिंधी बांधा. मोठ्या झाडांपैकी तोडायची तेवढीच चुन्याने खुणवा. जायफळाला फळ दिसत नाही म्हणून ते लगेच तोडायच्या यादीत घालू नका. जायफळात नर व मादी झाडे वेगळी असतात. नर गेला तर शेजारच्या फळत्या झाडांचेही उत्पन्न जाते. मोठे झाड पाडायचे असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्या.

पहिले काम पाटाचे. खालच्या टोकापासून गाळ काढत वर या, म्हणजे तुंबलेले पाणी आपोआप वाट धरते. पिवळ्या पडलेल्या पोफळी पाहून खताच्या गोणी आणायची घाई होते. पण पुष्कळदा मुळाशी साचलेले पाणीच त्याला कारण असते. पाट वाहता झाल्यावर काही महिने थांबून मग त्या झाडांचा निर्णय करावा.

सगळ्यात जपायचे ते सावलीला. बाग एकदम मोकळी केली की छान दिसते, पण पोफळीचे नुकसान तिथेच होते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारनंतरचे ऊन नैऋत्येकडून थेट खोडावर पडते. इतकी वर्षे सावलीत वाढलेले खोड भाजते, त्यावर पिवळे डाग पडतात, पुढे चिरा जातात आणि वाऱ्यात पोफळ मोडते. म्हणून दक्षिण व पश्चिम कडेची झाडे यंदा राखा, फांद्या थोड्याच विरळ करा. उघड्या पडलेल्या खोडांना त्या बाजूने सुक्या झावळ्या बांधा किंवा चुना लावा.

मिरवेलीवरचे रान ओढून काढू नका. ते बुंध्याशी कापा आणि वर सुकू द्या. यावेळी वेलीवर घोस असतात. मिरीची मुळे वरच्या वर असल्याने तिथे कुदळही नको. ग्रास कटर झाडापासून हातभर लांब थांबवा आणि उरलेले गवत हाताने काढा. तणनाशक कुळागरात मारूच नये. केळी जवळ असतात, आणि पाटाचे पाणी खालच्या शेजाऱ्याकडे जाते.

निघालेला पाला जाळू नका, झाडांभोवतीच्या आळ्यांत पसरा. बी धरलेले तण मात्र वेगळे ठेवा. कुजके माडाचे ओंडके हटवा, त्यांत गेंडा भुंगा वाढतो. पाणी धरणाऱ्या विऱ्या (पोफळीच्या झावळीचे गळून पडलेले पसरट बूड) उपड्या करा. गमबूट घाला आणि ढिगात हात घालण्याआधी काठीने चाळवा. घोणस, फुरसे पाल्याखालीच असते. चावा झाला तर गावठी उपाय न करता थेट इस्पितळ गाठा.

रिकाम्या जागी आताच रोपे लावू नका. एप्रिल-मेपर्यंत पाणी कुठवर पोचते ते पाहून खड्डे आखा आणि लागवड पावसाच्या तोंडावर करा.