प्रयोगशाळेतून विज्ञानलेखनाकडे: या चुका टाळा

शोधनिबंधाची सवय लवकर सुटत नाही. आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, निष्कर्ष सगळ्यात शेवटी. एवढं थांबायला वाचक काही परीक्षक नव्हे. मोठ्यांसाठी निष्कर्ष वर आणा, मुलांसाठी कोडं. ‘द्रावण तापवण्यात आले’ हेही नको. ‘पाणी तापवलं’ पुरे.

गंमत म्हणजे जी सवय टिकवायची, तीच नेमकी सुटते. एरवी मोजल्याशिवाय न बोलणारा माणूस मुलांच्या लेखात ऐकीव प्रयोग बेधडक देतो. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. खाली खुलासा: ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली.’ चूक! करून बघा. ग्लास ठेवताच काठाखालून बुडबुडे सुटतात, कारण तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर पडते. पाणी मुख्यतः ज्योत विझताना आणि विझल्यावर झपकन चढतं, कारण उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर येईल. ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो.

कृती लिहिताना ‘थोडं पाणी’ नको. ‘1 सेंमी पाणी, दोन थेंब शाई’ लिहा, म्हणजे पातळी दिसते. ‘मोठ्यांना सोबत घ्या’ ही सूचना लेखाच्या तळाशी नाही, काडी पेटवण्याच्या पायरीआधी हवी.

संज्ञेआधी क्रिया सांगा. पान उन्हात स्वतःचं अन्न बनवतं, हे कळल्यावर ‘प्रकाशसंश्लेषण’ जड जात नाही.

आकड्यांत घोटाळा भाषांतराचा. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. प्रकाशवर्ष सुमारे 9.46 लाख कोटी किमी. मुलांना मात्र प्रकाश एका सेकंदात पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या मारू शकेल, हे लवकर पटतं. आरोग्यावर लिहिताना ‘धोका 50 टक्क्यांनी वाढला’ एवढंच लिहू नका. 10 हजारांत 2 जणांवरून 3 झाला, तरी तो 50 टक्केच.

राहिला करार. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. ‘सर्व हक्क, कायमचे’ अशी ओळ दिसली, तर सहीआधी ती बदलून मागा. भाषांतर आणि ऑडिओचे हक्क शक्यतो वेगळे ठेवा.