कुबरनेटिसमध्ये लोकल व्हॉल्यूम कसा लावायचा

कुबरनेटिस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी सिस्टीम) वापरताय, त्यातल्या एखाद्या नोडमध्ये, म्हणजे मशीनमध्ये, चांगली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क पडून आहे आणि डेटाबेस मात्र नेटवर्क स्टोरेजवर रखडतोय, असं असेल तर लोकल पर्सिस्टंट व्हॉल्यूम लावा, म्हणजे नोडची स्वतःची डिस्क पॉडला (कंटेनर ज्यात चालतात ते युनिट) कायमची साठवण म्हणून द्या. कुबरनेटिस १.१४ पासून, म्हणजे २०१९ पासून, हे फीचर स्टेबल आहे. फक्त एक गोष्ट आधी पक्की करा, तुमचा डेटाबेस स्वतः कॉपी ठेवतो का? कॅसांड्रा, काफ्का अशांना ठीक, कारण नोड गेला की त्या डिस्कवरचा डेटा पण गेला, आणि सिंगल पोस्टग्रेस रेप्लिका (दुसरी कॉपी) न ठेवता यावर टाकणार असाल तर मी स्पष्ट नको म्हणेन.

लोक होस्टपाथ (नोडवरचा फोल्डर थेट पॉडला जोडणं) वापरून मोकळे होतात, पण त्यात डेटा कुठल्या नोडवर आहे हे शेड्युलरला (पॉड कुठल्या नोडवर चालवायचा ते ठरवणारा भाग) कळतच नाही, पॉड उद्या दुसऱ्या नोडवर उठला की समोर रिकामा फोल्डर. लोकल व्हॉल्यूममध्ये नोड अफिनिटी (व्हॉल्यूम कुठल्या नोडवर आहे ते सांगणारी अट) द्यावीच लागते, त्यामुळे पॉड बरोब्बर डिस्क असलेल्याच नोडवर जातो.

आता काम. डिस्क फॉरमॅट करा, फोल्डर बनवा, एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची लिनक्सची फाइल) यूयूआयडीने (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) माउंट करा, डिव्हाइसचं नाव टाकू नका कारण रीबूटनंतर ते बदलू शकतं. आणि माउंट करायच्या आधी त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर कमांडने इम्युटेबल फ्लॅग (काहीच लिहू न देणारी खूण) लावून ठेवा, हे बरेच जण सोडून देतात पण खूप कामाचं आहे, कारण एखाद दिवशी डिस्क माउंटच झाली नाही तर डेटाबेस गुपचूप रूट डिस्कवर लिहायला लागतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, फ्लॅग असेल तर लिहितानाच एरर येतो.

मग स्टोरेज क्लास (स्टोरेज कसं द्यायचं त्याचे नियम), त्यात प्रोव्हिजनर म्हणून नो-प्रोव्हिजनर आणि बाइंडिंग मोड वेट-फॉर-फर्स्ट-कन्झ्युमर. हा मोड विसरलात तर क्लेम (पॉडसाठीची स्टोरेजची मागणी) आधीच कुठल्यातरी डिस्कला चिकटतो आणि त्या नोडवर सीपीयू-मेमरी शिल्लक नसेल तर पॉड पेंडिंगमध्ये अडकतो, डिस्क्राइब केलं की व्हॉल्यूम नोड अफिनिटी कॉन्फ्लिक्ट असं काहीतरी दिसतं. त्यानंतर प्रत्येक डिस्कसाठी पर्सिस्टंट व्हॉल्यूम बनवायचा, पाथ, साइज, होस्टनेमची अफिनिटी, आणि रिक्लेम पॉलिसी (क्लेम उडवल्यावर डेटाचं काय करायचं) रिटेन, म्हणजे डेटा ठेवा. डिस्क बऱ्याच असतील तर हाताने करू नका, लोकल स्टॅटिक प्रोव्हिजनर हा डेमनसेट (प्रत्येक नोडवर एक पॉड चालवणारा) लावा, तो ठरलेल्या फोल्डरमधले माउंट शोधून व्हॉल्यूम स्वतः बनवतो.

साइज लिहिली म्हणजे लिमिट लागली असं नाही हां! दहा जीबी लिहून पॉड अख्खी डिस्क भरू शकतो, म्हणून एका व्हॉल्यूमला एक डिस्क किंवा एक पार्टिशन द्या. के३एसमध्ये (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) आयता येणारा लोकल-पाथ प्रोव्हिजनर फोल्डर आपोआप बनवतो, सोयीचा आहे, पण साइजचं तिथेही तेच आणि रिक्लेम पॉलिसी डिलीट असते, क्लेम उडवला की डेटा साफ.

नोड कायमचा मेला तर स्टेटफुलसेटचा (डेटाबेससारखे पॉड, प्रत्येकाचा स्वतःचा क्लेम) पॉड आपोआप दुसरीकडे जाणार नाही, जुना क्लेम त्याला धरून ठेवतो. आधी बाकीच्या रेप्लिका ठणठणीत आहेत ना ते बघा, मग तो क्लेम आणि पॉड दोन्ही डिलीट करा, नवा क्लेम दुसऱ्या नोडवरच्या मोकळ्या व्हॉल्यूमला लागेल आणि डेटाबेस कॉपी भरून काढेल. तेवढ्यासाठी एखादी डिस्क कायम मोकळी ठेवा.