कापडावरून पोर्सलिनकडे: तेरा टक्क्यांनी मला कसं गाठलं

नऊ वर्षं मी मुंबईत कपड्यांचे पॅटर्न काढले, ग्रेडिंग केलं (एकाच पॅटर्नची लहान-मोठी मापं) आणि सॅम्पलिंगच्या मास्तरांशी रोज भांडले. आता वेंगुर्ल्यात घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, पोर्सलिनची (पांढऱ्या चिनीमातीची) ताटं-वाट्या करते. फॅशनमधल्या कुणी ना कुणी दर महिन्याला विचारतंच, "आम्हालाही जमेल का?" जमेल. व्हर्साचे या इटालियन फॅशन कंपनीने रोझेंथालबरोबर ताटं काढलीच की. फक्त त्यांच्या पाठीशी जर्मन कारखाना होता, तुमच्या पाठीशी मांगर असेल.

चिनीमाती, फेल्डस्पार, क्वार्ट्झ, बिस्क (पहिली भाजणी), ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, ते मी सांगत बसत नाही. मला जे नडलं तेवढंच सांगते. ते मातीत नव्हतं, माझ्या कपडेवाल्या डोक्यात होतं.

पहिली मोठी ऑर्डर एका होमस्टेची. ४८ ताटं, प्रत्येकी २६ सेंटीमीटर, काठ रुंद. मालवणी जेवणात काटे ठेवायला जागा लागते, हे परदेशी ताटांची नक्कल करणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. ताटाखाली फणसाच्या लाकडाचं तबक आणि त्यात ताट बसेल अशी गोल खाच. माझी माती भाजल्यावर १३ टक्के आकसते हे मला ठाऊक होतं, मी स्वतः त्याच मातीच्या पट्ट्या भाजून मोजलं होतं. म्हणून २६ मध्ये १३ टक्के मिळवले, २९.४ आले. त्या मापाचे प्लास्टरचे बारा साचे केले. सुतारकाकांना सांगितलं, खाच २६ ला कापा, वर दोन मिलिमीटर सूट द्या.

भट्टी उघडली तर ताटं साडेपंचवीसच्या जेमतेम वर. तबकात ठेवली की खडखड. काकांनी एक ताट बोटाने हलवून बघितलं आणि म्हणाले, "बाय, माजी खाच चुकूची नाय. तुझा ताट आकासला."

चूक कुठे झाली ते नीट बघा, कारण तुम्हीही हीच करणार. १३ टक्के हे ओल्या मापाचे असतात, भाजलेल्या मापाचे नाहीत. २९.४ चे १३ टक्के म्हणजे ३.८, ते वजा केले की उरतात २५.६. मी मिळवले होते २६ चे टक्के, भट्टीने काढून घेतले २९.४ चे. म्हणून इथे मिळवायचं नसतं, भागायचं असतं. १०० मधले १३ गेले की ८७ उरतात. हवं ते माप ०.८७ ने भागा. २६ ला भागलं की येतात २९.९. फरक पाच मिलिमीटरचा, आणि त्यात माझे बारा साचे उकिरड्यावर गेले.

मग नऊ वर्षं कापडात ही चूक कधी का नाही नडली? कॉटन ३ टक्के आकसतं म्हणून आपण १०० सेंटीमीटरला १०३ कापतो. भागून काढलं तर १०३.०९. एक मिलिमीटरही नाही, शिलाईत कुठेच जिरून जातं. म्हणजे चुकीची पद्धत इतकी वर्षं बरोबर उत्तर देत राहिली. पोर्सलिनला शिलाई नसते. झाकणाच्या भांड्याला तर अजिबात दयामाया नाही.

मातीच्या प्रत्येक नव्या गोणीची पट्टी भाजा. ओल्या पट्टीवर बरोबर दहा सेंटीमीटरची रेघ मारा, आपल्याच भट्टीत, आपल्याच तापमानाला भाजा आणि मग मोजा. विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा त्याच्या भट्टीचा असतो. मी १२८० अंशांच्या आसपास जाते, तुम्ही वीस अंश खाली थांबलात तर तुमचा आकडा वेगळा येईल. भट्टीतल्या वरच्या आणि खालच्या शेल्फवरही एकेक पट्टी ठेवा.

आता घाबरू नका, कापडाची सवय कामीही येते. लाटलेली माती मी आधी पोळीसारखी एका कडेने उचलून साच्यावर टाकायचे. भाजल्यावर नेमकी तीच कड वर यायची. मातीला वाकवलेलं आठवतं. तिरप्या कापाचं कापड लोंबकळू द्यायचं नाही हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला हे एकदा सांगितलं की पुरतं. फळीसकट उचला, फळीसकट उलटी करा.

दोन दिवसांच्या वर्कशॉपबद्दल माझं मत चांगलं नाही. तिथे मातीत हात घालण्याची मजा मिळते, भट्टी मात्र दुसरंच कुणीतरी लावतं. शिकायचंच तर ज्याच्याकडे भट्टी भरायला आणि उघडायला तुम्हाला उभं करतात त्याच्याकडे जा, भले तो सहा महिने शेल्फच घासायला लावो. आणि एक शॉर्टकट मला मान्य आहे, त्यावरून ओळखीच्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून, जिथे अशी भांडी बनतात, तयार पांढरी भांडी आणून त्यावर आपल्या डिझाइनचं डिकल (छापील चित्र) चढवायचं आणि साधारण ८०० अंशांना परत भाजायचं. पहिल्या वर्षी भाडं यातूनच निघतं. फक्त त्याला 'हातानं घडवलेलं' म्हणून विकू नका.

रंगाबाबत मात्र हयगय नको. आपल्याकडे ताटात कोकम, चिंच, लिंबू असतंच, आणि निकृष्ट ग्लेझमधलं शिसं आंबटाने सुटतं. लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उडतो का एवढंच कळतं, शिसं कळत नाही. अन्न लागणारा प्रत्येक नवा रंग प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पैसे जातात, जाऊ देत. नीट भाजलेल्या पोर्सलिनचा फायदा हाच की ते पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून सोलकढीचा डाग आत मुरत नाही. कमी भाजलेल्या मातीच्या वाटीला ग्लेझच्या बारीक चिरांतून गुलाबी छटा कायमची लागते, हे मी आईच्या शिव्या खाऊन शिकले.

नोकरी सोडू का, असंही विचारतात. लगेच नको. कोकणात पावसाळ्यात प्लास्टरचे साचे वाळत नाहीत, फार तापवले तर भुसभुशीत होतात. ओली ताटं चार-चार दिवस तशीच, वर बुरशी. भट्टी चढत असताना लाईट गेली की आख्खी खेप डोळ्यादेखत वाया जाते. पहिल्या पावसाळ्यात मी मांगरात बसून खरंच रडले होते. म्हणून आता जून ते सप्टेंबर भट्टी बंद आणि शिलाई मशीन चालू. हे लिहितेय तेव्हा टेबलावर गणपतीच्या ऑर्डरचे अकरा ब्लाउज कापून पडलेत आणि ती खडखडणारी तबकं सुया-दोऱ्यांना वापरतेय.