मिश्र पद्धतीचा प्रबंध: आकडे आणि मुलाखती जोडायच्या कुठे?

विद्यार्थ्याची सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, हातात आली की मी आधी साधनांचं पान उघडते. तिथे प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण अशी यादी असते आणि वर ठळक अक्षरांत ‘मिश्र पद्धती’, म्हणजे आकडे आणि मुलाखतींसारखी शब्दांतली माहिती एकाच अभ्यासात. मग मी एकच विचारते: प्रश्नावलीतून काय हाती आलं, तर तुमच्या मुलाखतीत फरक पडेल? ‘काहीच नाही, मुलाखतीचे प्रश्न तयार आहेत’ असं उत्तर आलं, तर ते दोन वेगळे अभ्यास आहेत आणि फक्त बाइंडिंग एक आहे. त्यातला एक अभ्यास सोडून द्या, काम निम्म्यावर येईल आणि प्रबंध सुधारेल, असा सल्ला मी मनापासून देते. तो फार कुणाला आवडत नाही.

दोन्ही पद्धती वापरायच्याच असतील तर त्या कशासाठी, हे एका वाक्यात लिहा. जेनिफर ग्रीन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मूल्यमापनाचे अनेक अभ्यास तपासून पाच हेतू मांडले होते आणि ते आजही कामाला येतात. एका पद्धतीच्या निष्कर्षाचा दुसरीने पडताळा घेणं. एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या बाजू पाहणं. एकीच्या आधारे दुसरीचं साधन किंवा नमुना तयार करणं. दोन्हींतली विसंगती मुद्दाम शोधणं. आणि अभ्यासाचा आवाका वाढवणं. यातला एक निवडा, फार तर दोन. पाचही लिहिणाऱ्याने विचार केलेला नसतो. ‘सखोल आणि व्यापक आकलनासाठी’ हा काही हेतू नाही. ते वाक्य कुठल्याही प्रबंधात चिकटवता येतं.

आता एक उदाहरण नीट उलगडून पाहू. समजा, पाचवीतल्या 120 मुलांचं वाचन तपासायचं आहे. प्रत्येकाचा वेग मोजला, म्हणजे मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द. त्याच पातळीच्या उताऱ्यावर 10 गुणांची आकलन चाचणी घेतली. दोन्ही गोष्टी किती बरोबरीने वाढतात ते सांगणारा आकडा, म्हणजे सहसंबंध, समजा 0.60 आला. बहुतेक जण इथे ‘सार्थक धन सहसंबंध आढळला’ असं लिहून पान उलटतात. पण 0.60 चा वर्ग 0.36. आकलनातल्या फरकाचा 36 टक्के भाग वेगाशी जोडता येतो, 64 टक्के येत नाही. या 64 मध्ये चाचणीच्या मोजमापातली चूकही आहे, हे खरं. पण सगळी चूक नक्कीच नाही. मुलाखतीचा प्रश्न इथे जन्माला येतो.

विकीर्ण आलेख काढा, म्हणजे आडव्या अक्षावर वेग, उभ्यावर आकलन आणि प्रत्येक मुलाचा एक ठिपका. वेगाच्या मध्यकावर (निम्मी मुलं ज्याच्या खाली, निम्मी वर) एक उभी रेघ, आकलनाच्या मध्यकावर एक आडवी. चार चौकटी होतात. वेगवान आणि समजणारी, सावकाश आणि न समजणारी, या दोन अपेक्षेप्रमाणे. उरलेल्या दोनांकडे लक्ष द्या: भराभर वाचूनही न समजणारी मुलं, आणि अडखळत वाचूनही समजणारी. या दोन चौकटींतून, रेघांपासून लांब असलेली, प्रत्येकी तीन मुलं घ्या. तुलनेसाठी बाकीच्या चौकटींतून एकेक. आठ झाली. ही निवड कशी केली ते दोन ओळींत लिहून ठेवा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ‘हीच मुलं का?’ हा प्रश्न येतोच, आणि ‘शिक्षकांनी सुचवली’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

दरवेळी अशी वेगळी पडलेलीच माणसं घ्यायची असंही नाही. इव्हान्कोवा, क्रेसवेल आणि स्टिक यांनी दूरस्थ पद्धतीने डॉक्टरेट करणारे कोण टिकतात आणि का, याचा अभ्यास केला. 278 आजी-माजी विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण झालं आणि मग सखोल अभ्यासासाठी चारच जण निवडले. तेही आपापल्या गटाचं सर्वसाधारण चित्र दाखवणारे, कारण त्यांना सर्वेक्षणातले निष्कर्ष समजावून घ्यायचे होते. आपल्याला नियमाला न जुमानणारी मुलं समजून घ्यायची आहेत. हेतू बदलला की नमुना बदलतो. म्हणून मोठ्या समष्टीसाठी (ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो सगळा गट) नमुना केवढा हवा याच्या तक्त्यातून उचललेला 384 हा आकडा मुलाखतींना लावू नका. तो यादृच्छिक नमुन्यावरून टक्केवारीचा अंदाज बांधण्यासाठी आहे. उलट बाजूने ‘आठच मुलं का?’ म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्यालाही हेच सांगा.

एक व्यावहारिक गोष्ट, जी बऱ्याचदा वेळ निघून गेल्यावर सुचते. पहिल्या टप्प्यात उत्तरपत्रिका निनावी घेतल्या, तर दुसऱ्या टप्प्यात ते मूल शोधायचं कसं? प्रत्येकाला संकेतांक द्या, नावांची यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा, आणि पालकांच्या संमतिपत्रात दोन्ही टप्पे सुरुवातीलाच लिहा. दोन टप्प्यांमध्ये फार अंतरही नको. चाचणी वर्षाच्या सुरुवातीला आणि मुलाखत वर्षअखेर घेतली, तर समोर बसलेलं मूल आता वेगळं वाचत असतं. मी दोन-तीन आठवड्यांच्या आत सांगते. म्हणजे चाचण्या तपासून आलेख काढण्याचं काम रखडता कामा नये.

मुलाखतीत ‘तुला का समजत नाही?’ असं विचारू नका. दहा वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं, मग ते तुम्हाला आवडेल असं काहीतरी देतं. त्याला काम द्या. 1970 च्या दशकात एलन मार्कमन यांनी मुलांपुढे मुद्दाम परस्परविरोधी विधानं असलेले उतारे ठेवले होते; पुष्कळ मुलांना तो विरोध जाणवलाच नाही. ही युक्ती इथे फार उपयोगी आहे. उताऱ्यात लिहा: ‘आकाशात चंद्र नव्हता. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होता.’ मग चार वाक्यं मधे जाऊ द्या आणि पुढे: ‘चंद्राच्या उजेडात त्याला लांबची झोपडी स्पष्ट दिसली.’ मूल मोठ्याने वाचत असताना त्या ओळीवर तुमची नजर त्याच्यावर हवी. थांबलं का? मागे गेलं का? कपाळाला आठी पडली का? वाचून झाल्यावर विचारा, ‘यात काही खटकलं?’ मग ‘चांगलं वाचणं म्हणजे काय रे?’ भरभर वाचणाऱ्या मुलाने ‘न थांबता वाचणं’ असं उत्तर दिलं, तर तुमच्या आलेखावरच्या त्या ठिपक्याला अर्थ मिळायला लागतो.

यानंतरचं काम बहुतेक प्रबंधांत नसतंच: एकत्रित तक्ता. एका मुलाची एक ओळ. पहिल्या रकान्यात संकेतांक आणि चौकट. दुसऱ्यात आकडे, उदाहरणार्थ मिनिटाला 112 शब्द, आकलन 10 पैकी 3. तिसऱ्यात तुम्ही पाहिलेलं आणि त्याने बोललेलं: विरोधी वाक्यावर थांबलं नाही, ‘थांबलं की बाई म्हणतात, पुढे वाच.’ चौथ्यात, दोन्ही एकत्र ठेवल्यावर काय म्हणता येतं: या मुलाचा वेग हे समजल्याचं लक्षण नाही, समजलं की नाही ते तपासायला न थांबल्याचा तो परिणाम असू शकतो. चौथा रकाना लिहिताना घाम फुटतो. तिथे तिसऱ्यातलंच वाक्य फिरवून लिहिलं असेल, तर जोड झालेली नाही. दुसरा रकाना झाकला तरी चौथा तसाच राहतो का, हे बघा. राहत असेल, तर आकड्यांचं तिथे कामच नव्हतं.

आणि कृपा करून आठ मुलांची टक्केवारी काढू नका. ‘75 टक्के मुलांनी विरोध ओळखला नाही’ यापेक्षा ‘आठपैकी सहा’ हे प्रामाणिक आहे. शिवाय ती आठ तुम्ही वेचून घेतलेली आहेत. त्यांचं प्रमाण साऱ्या वर्गाला लावता येत नाही.

उलटा क्रमही असतो: आधी मुलाखती, मग त्यांतून प्रश्नावली. ज्या विषयावर तयार साधन नाही, किंवा आहे ते भलत्याच संदर्भातलं आहे, तिथे हा क्रम घ्या. शिक्षकांच्या तोंडचे शब्द शक्य तितके तसेच विधानांत येऊ द्या, पायलट, म्हणजे थोड्या लोकांवर आधी चाचपणी, घ्या, विधानं गाळा. क्रोनबॅक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचा आकडा, 0.90 आला म्हणून सगळी विधानं एकच गोष्ट मोजतात असं होत नाही. विधानं वाढवली की अल्फा बहुधा वाढतोच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या असतील, तर दोन्हींकडे संकल्पना तीच ठेवा. प्रश्नावलीत आत्मविश्वास आणि मुलाखतीत आवड विचारली, तर शेवटी तुलना कशाची करणार?

दोन्हींचं जुळलं नाही की संशोधक घाबरतात. प्रश्नावलीत शिक्षक म्हणतात, मी वर्गात खुले प्रश्न विचारते. निरीक्षणात बहुतेक प्रश्नांना एका शब्दाचं उत्तर पुरतं. लगेच ‘शिक्षक खोटं बोलतात’ असं ठरवू नका, आणि प्रश्नावलीही गुपचूप परिशिष्टात ढकलू नका. आधी पाहा, दोन्हीकडे माणसं तीच आहेत का, काळ तोच आहे का. मग त्याच शिक्षिकेकडे परत जा, तिच्याच तासातले दहा प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि म्हणा, ‘यातले खुले कोणते, खुणा करा.’ तिने ‘राजाने काय केलं?’ यावर खूण केली, तर ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी खुला प्रश्न म्हणजे हो-नाही सोडून काहीही. हा निष्कर्ष कुठल्याच एका साधनातून निघाला नसता. त्याला स्वतंत्र उपशीर्षक द्या.

प्रकरणांची मांडणीही साधनांनुसार करू नका. चौथं प्रकरण आकड्यांचं, पाचवं मुलाखतींचं, असं केलं की जोड सहाव्या प्रकरणातल्या शेवटच्या दोन पानांवर येते. संशोधन प्रश्नांनुसार प्रकरणं पाडा आणि एकत्रित तक्ता परिशिष्टात नको, मधे हवा. वेळापत्रकात या तक्त्यासाठी निदान महिना राखा. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायलाच नवख्याला सहा तास सहज लागतात. हा हिशोब आधी केला नाही, तर मुलाखती घेतलेल्या असतात आणि त्या वाचायला वेळ उरत नाही.