सुपरचार्ज्ड कॉर्व्हेट झेड०६ची पॉवर वाढवताय? या चुका टाळा

सी७ पिढीची शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ २०१५च्या मॉडेलवर्षात आली. ६.२ लिटरचं एलटी४ इंजिन, त्याच्या डोक्यावर ईटनचा सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंप), ६५० हॉर्सपॉवर आणि ६५० पाउंड-फूट टॉर्क. एवढ्यावरही समाधान न होणारे मालक अमेरिकेत भरपूर आहेत. त्यांच्यासाठी लहान पुली (सुपरचार्जर फिरवणारं चाक), मोठा इनटेक (हवा आत नेणारी नळी), हेडर्स (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) आणि ट्यून (इंजिनाच्या संगणकातले बदल) असं एकत्र किट बांधणारी वर्कशॉपंही भरपूर. इंजिन उघडायचं नाही, बाहेरचे बोल्ट सोडून नवे भाग बसवायचे, म्हणून याला बोल्ट-ऑन अपग्रेड म्हणतात.

असं किट तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुका एकाच जागी उगम पावतात. आधी बूस्ट (आत दाबलेल्या हवेचा जादा दाब) वाढवला जातो आणि उष्णतेचा विचार शेवटी होतो. या गाडीत तरी तो क्रम उलटा हवा.

पुलीपासून सुरुवात करणं

एलटी४चा आर१७४० सुपरचार्जर एका फेऱ्यात १.७४ लिटर हवा ढकलतो. आधीच्या कॉर्व्हेट झेडआर१मधल्या एलएस९ इंजिनावर २.३ लिटरचा होता. जनरल मोटर्सने मुद्दाम लहान सुपरचार्जर निवडला आणि तो जास्त वेगाने फिरवला: २०,००० आरपीएमपर्यंत, म्हणजे एलएस९पेक्षा ५,००० जास्त. त्यामुळे खालच्या आरपीएमला पिकअप झटकन मिळतो आणि बॉनेटही बुटकं राहतं. पण याचा अर्थ असा की कंपनीतून बाहेर पडतानाच हा सुपरचार्जर आपल्या वरच्या टोकाजवळ काम करतोय. त्याच्यावर १० टक्के लहान पुली बसवली की तो २२,००० आरपीएमच्या पुढे जातो. तिथे हवा वाढते थोडी आणि तापते फार.

थोडं गणित करू. मूळ बूस्ट सुमारे साडेनऊ पीएसआय. बाहेरची हवा २५ अंश सेल्सियस आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर दाबून निघणारी हवा सुमारे ९६ अंशांवर असते. आता बूस्ट १३ पीएसआयवर नेला आणि वाढलेल्या वेगामुळे कार्यक्षमता ५८ टक्क्यांवर घसरली, तर हीच हवा सुमारे १२७ अंशांवर जाते. तिला पुन्हा ५० अंशांपर्यंत आणायचं, तर पहिल्या स्थितीत इंटरकूलरला (दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाला) साधारण २३ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते आणि दुसऱ्या स्थितीत ४५च्या आसपास. हा ढोबळ अंदाज आहे, पण दिशा स्पष्ट आहे. बूस्ट साडेतीन पीएसआयने वाढला आणि इंटरकूलरचं काम जवळजवळ दुप्पट झालं. इंटरकूलरची क्षमता वाढवली नाही, तर नव्या पुलीने दिलेली पॉवर पहिल्या दोन-तीन दमांतच (थ्रॉटल पूर्ण उघडून घेतलेल्या धावांतच) संपते. हवा तापते, नॉक (इंधन अवेळी पेटणं) टिपणारा सेन्सर बोलायला लागतो, संगणक टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढतो आणि गाडी मूळ झेड०६पेक्षाही मंद वाटू लागते.

हे दुखणं मुळातच या गाडीच्या घरचं आहे. सुरुवातीच्या झेड०६ ट्रॅकवर तापतात अशा तक्रारी मालकांनी केल्या, प्रकरण न्यायालयातही गेलं. २०१७च्या मॉडेलला कंपनीने मोठ्या झरोक्यांचं बॉनेट आणि बदललेलं सुपरचार्जर कव्हर दिलं. आणि २०१९च्या ७५५ हॉर्सपॉवरच्या झेडआर१ला त्याच कंपनीने काय दिलं ते पाहावं: एलटी५ इंजिनावर २.६५ लिटरचा सुपरचार्जर, मोठा इंटरकूलर आणि एकूण १३ रेडिएटर. आणखी १०५ हॉर्सपॉवर टिकवण्यासाठी कारखान्याने मोजलेली ही किंमत आहे. फक्त पुली आणि ट्यूनमध्ये तेवढंच देतो म्हणणाऱ्या किटकडे मी संशयानेच बघेन.

म्हणून पहिला खर्च पुढच्या हीट एक्स्चेंजरवर (इंटरकूलरचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरवर) आणि इंटरकूलरच्या पंपावर करावा. या गाडीत इंटरकूलरचं पाणी इंजिनच्या पाण्यापासून वेगळं फिरतं आणि ते भरताना हवा अडकून राहणं ही अत्यंत साधी, पण सर्रास दिसणारी चूक आहे. व्हॅक्यूम लावून भरलं नाही तर सुपरचार्जरच्या झाकणातल्या इंटरकूलरमध्ये बुडबुडा राहतो आणि महागडा पंप पाण्याऐवजी फेस फिरवत बसतो. पंप चालू आहे ना, एवढं पाहून थांबू नये. परतीच्या नळीत प्रवाह खरोखर आहे का ते बघावं.

पाण्याची मोठी टाकी हा उपाय अनेकजण सुचवतात. ड्रॅग रेससाठी तो उत्तम, त्यात बर्फही घालता येतो. पण सेब्रिंग किंवा विलो स्प्रिंग्जसारख्या ट्रॅकवर वीस मिनिटांच्या सत्रात टाकी फक्त तापण्याची वेळ पुढे ढकलते. उष्णता बाहेर टाकायचं काम हीट एक्स्चेंजरच करतो.

बूस्टचा काटा म्हणजे पॉवर, असं समजणं

लाँग-ट्यूब हेडर्स बसवले आणि बूस्ट एक पीएसआयने उतरला. मालक घाबरतो, पैसे वाया गेले म्हणतो. प्रत्यक्षात उलटं झालेलं असतं. सुपरचार्जर इंजिनाला पट्ट्याने बांधलेला आहे. एका आरपीएमला तो जवळपास ठरावीकच हवा देणार. ती हवा इंजिनातून जितकी सहज निघून जाईल तितकी आत कमी तुंबेल. बूस्टचा आकडा हा त्या तुंबण्याचा आकडा आहे. हेडर्सनंतर बूस्ट उतरला, हवेचं वस्तुमान तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर काम चोख झालंय. मोजायचं असेल तर हवेचं वस्तुमान, तिचं तापमान आणि टायमिंग एकत्र मोजावं.

याचमुळे माझ्या मते या गाडीत हेडर्स पुलीच्या आधी यायला हवेत. त्यांनी मिळणारी पॉवर उष्णता वाढवत नाही.

इंधन पुरेल असं गृहीत धरणं

एलटी४मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. साध्या पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेवर फवारण्याच्या पद्धतीत) ६,५०० आरपीएमला इंजेक्टरला इंजिनाचं अख्खं चक्र, म्हणजे साडेअठरा मिलिसेकंद जवळपास पूर्ण मिळतात. थेट फवारणीत मात्र हवा आत घेण्याचा स्ट्रोक आणि फार तर दाबण्याचा थोडा भाग, एवढाच वेळ: साडेचार ते सात मिलिसेकंद. त्यात बसलं नाही ते पेट्रोल उशिरा पडतं आणि नीट जळत नाही. बाहेरून मोठे इंजेक्टर लावून प्रश्न सुटत नाही, कारण त्यांना दाब पुरवणारा पंप कॅमशाफ्टवरच्या लोबवर (उंचवट्यावर) चालतो. तो लोब बदलायचा म्हणजे इंजिन उघडणं आलं आणि बोल्ट-ऑन हा शब्दच गेला. एलटी५ला कारखान्याने थेट फवारणीच्या जोडीला पोर्ट इंजेक्शन दिलं, ते उगाच नाही.

किट तयार करताना लॉगमध्ये (संगणकाने नोंदवलेल्या आकड्यांत) दोन रेषा शेजारी ठेवाव्यात: संगणकाने मागितलेला रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला. वरच्या आरपीएमला मिळालेली रेषा खाली सुटू लागली, की किटची मर्यादा तिथे आली. हवा-पेट्रोलचं मिश्रण अजून ठीक दिसतंय म्हणून पुढे जाऊ नये. दुसऱ्या दिवशी हवा थंड आणि दाट असेल, पेट्रोल जास्त लागेल, आणि तेव्हा पुरवठा कमी पडेल.

ई८५वर (भरपूर इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर) जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. नॉक रोखण्यात ते अप्रतिम आहे, पण साध्या पंपावरच्या पेट्रोलपेक्षा ३५ ते ४० टक्के जास्त लागतं. शिवाय अमेरिकेत ई८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं आणि हिवाळ्यात ते कमी केलेलं असतं. उन्हाळ्यातल्या टाकीवर केलेली ट्यून जानेवारीत त्याच पंपाच्या इंधनावर धोकादायक ठरू शकते. इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर नसेल तर ई८५ किटमध्ये घेऊच नये.

डायनोवरच्या (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरच्या) एकाच दमावर विश्वास ठेवणं

बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा, इंजिन गार करून ठेवलेलं, आणि एकच दम. त्यातून निघालेला आकडा जाहिरातीला पुरतो. गाडीला बॉनेट बंद ठेवून, लागोपाठ चार-पाच दम द्यावेत आणि शेवटच्या दमाचा आलेख पहिल्यावर ठेवून पाहावा. दोघांमधलं अंतर हीच किटची खरी परीक्षा.

दुरुस्ती गुणकही (हवामानाचा फरक धरून आकडा सुधारणारा) बघावा. एसएई जे१३४९ २५ अंश तापमानाला धरून चालतो, तर एसटीडी नावाने छापला जाणारा जुना गुणक १५.५ अंशांना. नुसत्या त्या निवडीने आकडा सुमारे ४ टक्क्यांनी फुगतो. ६५०वर ती २६ हॉर्सपॉवर झाली, एकही नट न फिरवता. डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या शहरातला दुरुस्त केलेला आकडा तर समुद्रसपाटीच्या आकड्याशेजारी ठेवूच नये. आधीची आणि नंतरची मोजणी एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये, शक्यतो एकाच दिवशी करावी.

वर गेल्यावर पॉवर ढासळते, तेव्हा

इथे अंदाजाने भाग बदलत बसण्यात लोक सर्वात जास्त पैसा घालवतात. लॉग वाचला तर कारण बहुधा दहा मिनिटांत सापडतं.

बूस्ट वरच्या आरपीएमला उतरतोय आणि थ्रॉटल पूर्ण उघडा आहे? बेल्ट घसरतोय. लहान पुलीला बेल्टची मिठी कमी मिळते, त्यामुळे हे होणारच. पुलीजवळ काळी भुकटी आणि बेल्टच्या खाचांवर चकाकी दिसते. टेन्शनर तपासावा, बेल्टची लांबी तपासावी. एवढं करूनही बूस्ट उतरत असेल तर बायपास व्हॉल्व्ह आणि त्याची व्हॅक्यूमची नळी बघावी; अर्धवट उघडा राहिलेला बायपास अगदी घसरत्या बेल्टसारखा दिसतो.

थ्रॉटलच मध्येच मिटतोय? मग बेल्टला हात लावू नये. संगणकाने स्वतःच्या हिशोबाने काढलेला टॉर्क त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त भरला आणि त्याने हात आखडता घेतला. हे काम ट्यूनरचं आहे. आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या संगणकाची मर्यादाही वेगळी तपासावी लागते.

बूस्ट ठीक, थ्रॉटल उघडा, पण टायमिंग मागे जातंय आणि हवेचं तापमान चढतंय? तो वरचा उष्णतेचा प्रश्न. तापमान न चढता टायमिंग मागे जात असेल तर इंधनाचा दर्जा बघावा, आणि मग इनटेकमध्ये ऑइल येतंय का ते. या गाडीला ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी व्यवस्था) आहे. ऑइल जास्त भरलं तर ट्रॅकवर ते इनटेकमध्ये ओढलं जातं, इंटरकूलरवर थर धरतं आणि नॉकला निमंत्रण देतं. ऑइल मोजायचं ते इंजिन गरम असताना, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे.

इंजिन तोतरं बोलल्यासारखं तुटक चालतंय? आधी प्लग. बूस्ट वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप कमी करावा आणि प्लग एक पायरी थंड घ्यावा. कॉइल नंतर.

आणि नवा इनटेक बसवल्यावर गाडी साध्या चालीतच अडखळू लागली, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे बघावं. नळीचा व्यास किंवा वळण बदललं की सेन्सरसमोरून जाणाऱ्या हवेची चाल बदलते आणि जुना तक्ता खोटा ठरतो. ट्यून करायची गरज नाही असं सांगून विकला जाणारा इनटेक असला, तरी फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती) पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये.

कागदपत्रं

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी किटला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक आहे का हे पैसे देण्याआधी विचारावं. नसेल तर गाडी स्मॉग तपासणीत अडकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे हेडर्स तर संघीय कायद्यातही बसत नाहीत. वॉरंटी शिल्लक असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिनाचा मोठा दावा आला की डीलर संगणकातल्या कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक तपासतो, आणि ट्यून केलेल्या गाडीत तो कारखान्याच्या क्रमांकाशी जुळत नाही.