जिरेनियमची कुंडी पावसाळ्यात सडू नये म्हणून

लाल जिरेनियम मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. ऊन सोसतं, भिजलेली मुळं मात्र सोसत नाही. म्हणून जूनच्या आधीच कुंडी पावसाच्या माऱ्यातून काढून उजेड आणि वारा दोन्ही मिळतील अशा वळचणीला ठेवा. खालची बशी काढून टाका. मातीत बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसायचं. कोरडं लागलं तरच पाणी, तेही बुडाशी. 6 ते 8 इंची कुंडी पुरे. मोठीत माती दिवसेंदिवस ओली राहते.

तरीही एखादं झाड दगावतंच, तेव्हा ऑक्टोबरात 2-3 फांद्या लावून ठेवा. कळी नसलेला 8-10 सेंमीचा शेंडा पान फुटतं त्या गाठीच्या जरासा खाली धारदार ब्लेडने कापा, खालची पानं काढा. मग तो सावलीत 4-5 तास तसाच पडू द्या, काप सुकला पाहिजे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. नंतर ओलसर भरड वाळूत 3 सेंमी खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, कोंदट हवेत फांदी कुजते. बूड काळं आणि मऊ पडलं तर ती बुरशी; फांदीसकट वाळूही फेका. 3-4 आठवड्यांत मुळं धरतात.

नुसती पानंच माजली असतील तर युरिया थांबवा. सुकलेल्या फुलांच्या गुच्छाचा दांडा फांदीवर जिथून फुटला तिथे धरून बाजूला वाकवला की कट्‌कन सुटतो, कात्री लागत नाही.